स्वस्तातला ब्रायर पाईप घ्यावा का? पैसे टाकायच्या आधी तपासायच्या गोष्टी

तंबाखू ओढायचा ब्रायरचा पाईप (ब्रायर म्हणजे एका झुडपाच्या गाठीचं लाकूड) घ्यायचा म्हटलं की किमतींचा पसारा बघूनच डोकं गरगरतं. एकाच आकाराचे, साधारण एकाच रंगाचे दोन पाईप शेजारी शेजारी ठेवलेले असतात, एकाची किंमत दुसऱ्याच्या दहापट, आणि विकणारा सांगतो दोन्ही ब्रायरच आहेत, आणि तो खरंही बोलत असू शकतो. मी जेव्हा हे सगळं शोधत होतो तेव्हा जिथे तिथे लाकडाच्या नक्षीबद्दलच वाचायला मिळायचं, पण पाईप हातात आल्यावर तो नीट चालतो की नाही हे ठरतं आतल्या भोकांवर, आणि त्याबद्दल नवीन माणसाला कोणी धड सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. स्वस्त ब्रायर पाईप घेण्यासारखा असतो, पण एका अटीवर: त्यात वाचलेले पैसे दिसण्यातून वाचलेले असले पाहिजेत, ड्रिलिंगमधून, म्हणजे आतली भोकं पाडण्याच्या कामातून, नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या हेच ओळखण्यासाठी आहेत.

भागांची नावं एकदा बघून घ्या म्हणजे पुढे अडणार नाही. तंबाखू भरतात तो बाउल, त्याच्या आतला खड्डा म्हणजे चेंबर. बाउलपासून निघणारी लाकडी नळी म्हणजे शँक. तोंडात धरायचा काळा भाग म्हणजे स्टेम, त्याचं शँकमधे घुसणारं टोक म्हणजे टेनन, आणि ते ज्या भोकात बसतं ते मॉर्टिस. दातांपाशी जी उंच कड असते तिला बटण म्हणतात. चेंबरच्या तळाशी धूर बाहेर पडायचं जे छोटं भोक दिसतं ते ड्राफ्ट होल.

१. आधी हे ठरवा की पाईप घ्यायचाच आहे का

ही पायरी लोक गाळतात म्हणून पहिली ठेवली. "पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो सिगरेटसारखा वाईट नाही" हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील, त्याच्यावर जाऊ नका. पाईपने तोंडाचा, ओठाचा, घशाचा, फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं त्यामुळे सवय लागायची ती लागतेच. तुम्ही तंबाखू घेत नसाल तर पाईप हे सुरू करायचं कारण होऊ देऊ नका, हे मी मनापासून सांगतोय. वय कायद्यात बसत नसेल तर विषय तिथेच संपला. जे मोठे आहेत, सगळं माहीत असून ज्यांचं ठरलंय, किंवा आधीपासून ओढतायत आणि आता पहिला ब्रायर बघतायत, त्यांच्यासाठी पुढचं.

अजून एक, तुम्हाला हा प्रकार जमेल की नाही याचीच खात्री नसेल तर ब्रायर नंतर घ्या आणि आधी कॉर्नकॉब बघा, म्हणजे मक्याच्या कणसाचा पाईप. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात मिसूरी मीरशॉम ही कंपनी १८६९ पासून हेच बनवतेय. तो दिसायला साधा आणि ब्रायरइतका टिकत नाही, पण नवं लाकूड पहिल्या काही वेळांत हळूहळू सरावायची भानगड नाही आणि स्वस्तातल्या वाईट ब्रायरपेक्षा चांगला कॉर्नकॉब कितीतरी बरा.

२. ब्रायर म्हणजे काय आणि तो स्वस्त कसा होतो

एरिका अर्बोरिया नावाचं झुडूप आहे, भूमध्य समुद्राच्या आसपास इटली, ग्रीस, कॉर्सिका, स्पेन, अल्जेरिया अशा भागात वाढतं. त्याच्या मुळं आणि खोडाच्या मधे जमिनीत एक गाठ धरते, ती कामाची व्हायला काही दशकं जातात. ती खणून काढायची, कापायची, तासन् तास पाण्यात उकळायची म्हणजे आतला कडवट रस निघून जातो, मग कित्येक महिने हळूहळू वाळवायची. हे लाकूड दाट असतं, उष्णता सहन करतं, ओलावा शोषून घेतं, म्हणून पाईपला चालतं. फ्रान्समधल्या सेंट क्लोदमधे १८५० च्या दशकापासून ब्रायरचे पाईप बनतायत आणि इतक्या वर्षांत त्याला खरा पर्याय आलेला नाही.

आता किमतीचं गणित. गाठ जमिनीत वाढते त्यामुळे तिच्यात वाळू, खडे, बारीक खड्डे असतात, आणि ठोकळा कापून घडवायला घेतल्याशिवाय ते दिसत नाहीत. पूर्ण निर्दोष, सुंदर सरळ रेषांचा ठोकळा फार कमी निघतो, महाग पाईपमधे पैसे जातात ते बरेचसे त्याचे आणि हाताच्या कामाचे. बाकीच्या ठोकळ्यांचे पाईप मशीनवर बनतात, फर्निचरला भरतात तशी खड्ड्यांत लांबी भरली जाते, वरून गडद रंग किंवा खडबडीत पोत दिला जातो आणि ते स्वस्तात विकले जातात. हे फसवणं नाही. लाकूड तेच आहे, तसंच उकळलेलं वाळवलेलं असेल तर ओढताना फरक पडत नाही.

फसवणूक असते ती वेगळी, म्हणजे पेअर (नाशपातीचं लाकूड) किंवा रोझवूडचा पाईप ब्रायर म्हणून विकणं. पेअरचे पाईप काही निर्माते उघडपणे पेअर म्हणूनच विकतात आणि त्यात गैर काही नाही, पण ब्रायरचे पैसे देऊन ते घेऊ नका. ओळखायचं कसं? वरून जाड रंग असेल तर वरून कळणारच नाही, म्हणून स्टेम काढून मॉर्टिसच्या आत टॉर्च मारा, तिथे बहुतेक वेळा कच्चं लाकूड दिसतं. बाहेर जिथे लाकूड दिसतंय तिथे ब्रायरमधे एका बाजूला रेषा आणि त्याच्या काटकोनातल्या बाजूला छोटे गोल ठिपके दिसतात. रोझवूडमधे डोळ्यांना दिसतील अशी लांबट बारीक छिद्रं असतात, पेअर अगदी सपाट, फारशी नक्षी नसलेलं. आणि सगळ्यात सोपी खूण: विकणाऱ्याला निर्माता कोण ते सांगता येत नसेल, पाईपवर काही शिक्का नसेल, फक्त "प्रीमियम ब्रायर" एवढंच लिहिलेलं असेल, तर सोडून द्या.

३. तपासायला जाताना सोबत काय न्यायचं

- साधे पाईप क्लीनर (नळी आतून पुसायच्या, मऊ धागे गुंडाळलेल्या तारा), दोनतीन
- मोबाईलचा टॉर्च चालतो, पण पेनसारखा बारीक असेल तर उत्तम
- मिलीमीटर असलेली छोटी पट्टी
- टूथपिक किंवा बारीक काडी, खोली मोजायला
- वजनकाटा मिळाला तर बघा, नाहीतर विकणाऱ्याला वजन विचारा

एवढंच. बाकी टॅम्पर (तंबाखू दाबायचं साधन), तंबाखू, काडेपेटी हे पाईप ठरल्यावर, पण बजेट ठरवताना त्यांचे पैसे आधीच बाजूला काढा. सगळे पैसे पाईपवर घालून क्लीनरला पैसे उरले नाहीत की तो पाईप महिन्याभरात आंबट वास मारायला लागतो.

४. ड्रिलिंग, म्हणजे खरी परीक्षा

इथे वेळ घ्या. दुकानदार घाई करत असेल तरी घ्या.

(अ) ड्राफ्ट होल कुठे निघालंय ते बघा. वरून टॉर्च मारून चेंबरमधे बघायचं, भोक अगदी तळाला आणि मधोमध निघालेलं असलं पाहिजे. दोनतीन मिलीमीटर वर असेल तर त्याच्या खालची तंबाखू कधीच नीट जळत नाही, तिथे ओला चिखल साठतो, पाईप गुरगुरतो आणि शेवटचा भाग कडू लागतो. एखाद मिलीमीटर वर असेल तर चालून जातं. भोक एका बाजूला सरकलेलं असेल तर तंबाखू एकीकडे जळते आणि दुसरीकडची भिंत तशीच राहते, तेही नको. आणि भोक तळ खरवडत खाली गेलं असेल, म्हणजे तळात चर पडलेली दिसत असेल, तर तळ तिथे पातळ झालाय, हा पाईप पुढे जळून भोक पडायचा उमेदवार आहे.

(ब) पाईप क्लीनर घालून बघा. स्टेम जागेवर असतानाच बटणाकडून क्लीनर सरकवा, तो चेंबरमधे बाहेर आला पाहिजे. सरळ पाईपमधे हे झालंच पाहिजे, न झालं तर आत दोन भोकं एकमेकांसमोर आलेली नाहीत आणि मी असा पाईप कितीही स्वस्त असला तरी घेणार नाही. वाकड्या पाईपमधे थोडं अडू शकतं, जरा फिरवून गेलं तर ठीक, पण अजिबात जात नसेल तर ओढता ओढता आतला ओलावा पुसता येणार नाही. याला अपवाद सिस्टीम पाईपचा, ज्यात शँकमधे ओलावा साठायला मुद्दाम खड्डा ठेवलेला असतो, पीटरसन या आयरिश पाईप कंपनीने त्याचं पेटंट १८९० मधे घेतलं होतं, त्यात क्लीनर आरपार जात नाही आणि जायची गरजही नाही.

(क) रिकामा ओढून बघा. हा भाग ऑनलाईन घेणाऱ्यांना आधी करता येत नाही, पाईप आल्यावर करा. हवा सहज, आवाज न करता आली पाहिजे. शिट्टीसारखा आवाज आला किंवा जोर लावावा लागला तर कुठेतरी नळी चिंचोळी आहे, बहुतेक वेळा बटणापाशी. लाकडातलं भोक साधारण साडेतीन ते चार मिलीमीटरचं असेल तर बरं पडतं. घट्ट ओढ असलेल्या पाईपमधे माणूस नकळत जोरात ओढतो, धूर गरम होतो, जीभ भाजते आणि मग दोष तंबाखूला दिला जातो.

(ड) टेनन आणि मॉर्टिसची खोली जुळते का. काडी मॉर्टिसमधे तळापर्यंत घालून खूण करा आणि टेननची लांबी पट्टीवर मोजा. एखाद मिलीमीटरचा फरक असेल तर सोडून द्या. तीनचार मिलीमीटरची पोकळी असेल तर गरम धूर तिथे फुगतो, थंड होतो आणि पाणी धरतो. स्वस्त पाईपमधे हा दोष खूप सापडतो आणि फोटोत कधीच दिसत नाही. फिल्टरवाल्या पाईपला हे लागू नाही, तिथे पोकळी मुद्दाम असते.

(इ) भिंतीची जाडी. वरून बघितलं की बाउलची कड सगळीकडे सारखी जाड दिसली पाहिजे. सहा मिलीमीटरच्या आसपास असेल तर निश्चिंत, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला आठ असेल तर चेंबरचं भोक तिरपं पडलंय. तळाची जाडी काढायला आतली खोली काडीने मोजा, बाहेरून बाउलची उंची मोजा, वजाबाकी करा. तळही भिंतीइतका तरी जाड हवा.

या पाचात पास झाला तर पाईप ऐंशी टक्के ठरला असं मी मानतो, मग वरून तो कितीही साधा का दिसेना.

५. स्टेम आणि जोड

स्टेम शँकमधे बसवलेला असताना जोडावर टॉर्च धरा, फट दिसता कामा नये, आणि बोटाने फिरवलं तर पायरी लागता कामा नये. काढताना हलक्या पिळाने निघावा, गळून पडेल इतका सैल नको आणि जोर लावून करकर वाजेल इतका घट्टही नको. इथेच एक सवय लावून घ्या: पाईप गरम असताना स्टेम कधीही काढायचा नाही. टेनन तुटतो किंवा शँकला भेग जाते, आणि नव्या लोकांचे बरेच पाईप याच एका कारणाने जातात.

स्टेमचं मटेरियल बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, दातांना मऊ लागतं पण उन्हाने आणि ओलाव्याने हिरवट तपकिरी होतं आणि चव बिघडते, अधूनमधून पॉलिश करत राहावं लागतं. ॲक्रिलिक कडक, चमक टिकते, देखभाल जवळजवळ नाही, पण काहींना दातांखाली काचेसारखं लागतं. मला व्हल्कनाइट आवडतं, तरी नवीन माणसाला मी ॲक्रिलिकच सांगतो कारण पहिल्या वर्षात शिकायला बाकी बरंच असतं.

बटणापाशी जाडी चार मिलीमीटरच्या आसपास असेल तर तोंडात जाणवत नाही. पाईप दातात धरून हात मोकळे ठेवायचे असतील तर वजन पन्नास ग्रॅमच्या आत बघा, आणि वाकडा पाईप सरळपेक्षा दातांवर कमी ताण देतो.

६. दिसण्याकडे कसं बघायचं

लांबी भरलेले डाग बाहेरच्या बाजूला असतील तर बिनधास्त घ्या, पाईप स्वस्त झालाय तो त्यामुळेच. पण तोच डाग बाउलच्या वरच्या कडेवर किंवा चेंबरच्या आत असेल तर नाही, गरम झाला की तो सुटतो. भेग आणि लाकडाची रेष यात नखाने फरक कळतो, नख अडकलं तर भेग.

चकाकी कसली आहे ते बघा. मेणाची, म्हणजे कार्नौबाची पॉलिश हाताला कोमट, थोडी मऊसर लागते आणि वापराने फिकी होत जाते, परत देता येते. जाड लॅकर काचेसारखा चकचकतो, पाईप तापला की त्याला फोड येतात, सोलतो, आणि हे अगदी स्वस्तातल्या पाईपवर हमखास असतं. दोन सारख्या पाईपमधे निवड करायची वेळ आली तर कमी चकाकणारा घ्या.

चेंबरच्या आत काळं कोटिंग असतं त्याला घाबरायचं कारण नाही, कार्बनचं असेल तर ते लाकडाला सुरुवातीला वाचवतं. मात्र वास घेऊन बघा. रंगाचा, थिनरचा वास आला किंवा आत चकचकीत रंग मारलेला दिसला तर तो पाईप पेटवायचा नाही, कारण ते तुमच्या तोंडात जाणार आहे.

आणि माझी एक ठाम शिफारस: कमी बजेट असेल तर गुळगुळीत पाईपच्या मागे लागू नका, सँडब्लास्ट (वाळूचा मारा करून खडबडीत केलेला) किंवा खरबरीत कोरलेला घ्या. गुळगुळीत करताना प्रत्येक खड्डा दिसतो म्हणून स्वस्त गुळगुळीत पाईपमधे लांबी आणि रंग जास्त असतो. खरबरीत पाईपमधे खड्डे पोतात मिसळून जातात, तेवढ्याच पैशात लाकूड मोकळं मिळतं, आणि हातात धरायलाही छान वाटतं.

७. फिल्टर

काही पाईप नऊ मिलीमीटरच्या फिल्टरचे असतात, जर्मनीत हेच जास्त चालतात. काही सहाचे, सॅविनेली ही इटालियन कंपनी बाल्सा लाकडाचे वापरते, आणि बरेच बिनफिल्टरचे. फिल्टरने ओलावा कमी होतो, चव थोडी सपाट होते, आणि धोका कमी होत नाही, हे तिसरं लक्षात ठेवा कारण विकताना उलटं सांगितलं जातं. तुम्हाला तो आकार सतत मिळणार आहे का ते आधी बघा. नऊ मिलीमीटरचा पाईप फिल्टर न घालता ओढला तर आतल्या पोकळीत पाणी धरतो, त्याला ॲडॅप्टर मिळतो तो लागेल.

८. वापरलेला पाईप

चांगल्या निर्मात्याचा वापरलेला पाईप नव्या स्वस्त पाईपच्या पैशात मिळू शकतो आणि तो कित्येकदा सरस असतो. चेंबरमधला कार्बनचा थर, ज्याला केक म्हणतात, एखाद मिलीमीटर असेल तर चांगलं लक्षण. फार जाड असेल तर त्याच्याखाली काय लपलंय ते कळत नाही आणि जाड थर तापून फुगला की बाउलला तडा जातो. कड जळकी असणं हे नुसतं रूप आहे, पण बाहेरून एखाद्या जागी लाकूड काळं पडलेलं दिसत असेल तर आतून जळत आलंय. शँकच्या तोंडाशी भेग बघा, स्टेमवर दातांनी पडलेलं भोक बघा. आधीच्या तंबाखूचा वास बहुतेक वेळा जातो, सुवासिक तंबाखूचा मात्र चिवट असतो.

९. ऑनलाईन घेत असाल तर

हे फोटो मागा: वरून चेंबरच्या आतला उजेडात काढलेला, स्टेम काढून टेनन आणि मॉर्टिस, बटणाचा समोरून, तळाचा, आणि शिक्क्याचा. चेंबरची रुंदी आणि खोली विचारा, रुंदी अठरा ते वीस मिलीमीटर असेल तर बहुतेक तंबाखूंना चालते. कॅटलॉगचा फोटो नको, जो पाईप पाठवणार त्याचाच हवा, कारण दोन ब्रायर सारखे नसतात. परत घ्यायची अट लेखी बघा. एकदा पेटवलेला पाईप सहसा कोणी परत घेत नाही, त्यामुळे चौथ्या पायरीवरच्या सगळ्या तपासण्या पाईप आल्या आल्या, तंबाखू भरायच्या आधी करायच्या.

१०. पहिले काही वेळा

चेंबर अर्ध्यापर्यंतच भरा, हळू ओढा, विझला तर विझू द्या, परत पेटवा. संपल्यावर राख काढा, क्लीनर फिरवा, आणि निदान एक दिवस पाईप तसाच वाळू द्या, रोज त्याच पाईपला जुंपू नका. पहिल्या काही वेळा थोडी लाकडाची चव येते, ती जाते.

या दिवसांत एक गोष्ट सतत करा: ओढताना बोटं बाउलभर फिरवत राहा. सगळीकडे सारखा उबदार लागला तर छान. सगळाच फार तापत असेल तर तुम्ही घाईने ओढताय. पण तुम्ही सावकाश ओढत असूनही एकाच ठिकाणी बोट टेकवत नसेल तर तिथे आत खोट आहे, लगेच विझू द्या, थंड झाल्यावर राख काढून त्या जागी टॉर्च मारून बघा. लाकूड तडकलेलं किंवा कोळसा झालेलं दिसलं तर फोटो काढून विकणाऱ्याला त्याच दिवशी पाठवा, आतून लाकूडच खराब निघालं तर काही निर्माते पाईप बदलून देतात, पण तुम्ही तसाच ओढत राहिलात तर मग तुमच्याच ओढण्याने जळाला असं म्हणायला त्यांना जागा मिळते.